पहिलं निवेदन देण्याआधी

नगरपालिकेला निवेदन देण्यासाठी सह्या गोळा करायचं मनावर घेतलंत, फार चांगलं केलंत. पण आधी मागणी पक्की करा. पाणी, कचरा, दिवे, रस्ता असं सगळं एकाच निवेदनात घातलंत तर ते या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतं. एका निवेदनात एकच प्रश्न ठेवा.

मागणीही नेमकी हवी. ‘रस्त्याची दुरवस्था दूर करावी’ असं लिहिलंत की ‘योग्य ती कार्यवाही करू’ एवढंच उत्तर येतं. ‘शाळेच्या फाटकासमोरचा खड्डा बुजवावा आणि तिथे गतिरोधक बसवावा’ असं लिहिलंत तर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. खड्ड्याचा तारखेसह फोटो जोडा.

मग या गोष्टी सांभाळा:

- सह्यांच्या प्रत्येक पानावर मागणी छापलेली असू द्या. नुसत्या सह्यांचे कागद जोडले की लोकांनी नेमकी कशावर सही केली, अशी शंका निघते, आणि ती रास्त असते.
- सहीशेजारी नाव-पत्ता, वाचता येईल असा. घरातल्या चौघांच्या सह्या एकाच हाताने नकोत.
- आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक (कार्यालयाच्या नोंदवहीतला आपल्या पत्राचा क्रमांक) घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पोच नसेल तर निवेदन दिलंच नव्हतं असं म्हणायला कार्यालयातले लोक मोकळे.

सह्या कमी पडल्या म्हणून अडून राहू नका. ज्यांना रोज त्रास होतो त्यांच्या थोड्या सह्याही वजनदार असतात. पहिल्याच पत्रात आंदोलनाचा इशारा मात्र टाळा. एक प्रत नगरसेवकांना द्या. ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्या. पुढचं नंतर बघू, तूर्त मागणीचं वाक्य लिहून दाखवा.