एकाच लँडलाइनवर फॅक्स आणि व्हॉइसमेल, लिनक्सवर

तुमचा प्रश्न असा: लँडलाइन एकच, जुना डेबियन पीसी, बाहेरून जोडायचा सिरियल मॉडेम. फॅक्स आला तर मशीनने घ्यावा, माणूस बोलला तर निरोप रेकॉर्ड व्हावा. हे जमतं. माझ्या मते त्यासाठी एमगेटी (मॉडेमवर आलेला कॉल उचलून फॅक्स घेणारा लिनक्सचा प्रोग्राम) आणि त्याचाच आवाज हाताळणारा भाऊ व्हीगेटी ही जोडी सर्वांत सरळ आहे.

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी मॉडेम तपासा. मिनिकॉममधून (मॉडेमला हाताने आज्ञा द्यायचा प्रोग्राम) एटी+एफक्लास=? पाठवा. उत्तर ०,१,२,८ अशा धर्तीवर येतं. ० म्हणजे डेटा, १ आणि २ हे फॅक्सचे वर्ग, ८ म्हणजे आवाज. ८ नसेल तर व्हॉइसमेलचा नाद सोडा, कुठल्याही सेटिंगने तो येत नाही. २ किंवा २.० हवाच, कारण एमगेटीचा फॅक्स त्यावरच भरवशाने चालतो. नुसता १ असेल तर हायलाफॅक्स हा दुसरा फॅक्स प्रोग्राम बघा. स्वस्त पीसीआय विनमॉडेम मात्र घेऊच नका, त्यांचं अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकलेलं असतं.

पोर्टवर एमगेटी आणि व्हीगेटी दोन्ही लावू नका. फक्त व्हीगेटी लावा, फॅक्स तोच घेतो. प्रत्येक कॉलनंतर तो बंद होतो, म्हणून तो आपोआप पुन्हा सुरू व्हावा यासाठी इनिटटॅबमध्ये रीस्पॉन किंवा सिस्टमडीच्या युनिटमध्ये रीस्टार्ट=ऑलवेज लागतं. मॉडेमचं स्वतःहून उचलणं एटीएस०=० देऊन बंद ठेवा. रिंग मोजून कधी उचलायचं ते व्हीगेटीने ठरवायचं असतं.

आता खरी मेख: फोन उचलल्यावर पलीकडे माणूस आहे की मशीन, हे कसं कळतं? आपोआप डायल करणारं फॅक्स मशीन ११०० हर्ट्झचा सूर अर्धा सेकंद वाजवतं, ३ सेकंद गप्प बसतं, पुन्हा वाजवतं. मॉडेमने तो ऐकला की व्हीगेटी आवाज सोडून फॅक्सकडे वळतो. पण त्याच वेळी आपला स्वागतसंदेश चालू असतो आणि त्यात हा सूर बुडतो. म्हणून संदेशात सुरुवातीलाच, ‘नमस्कार’नंतर, साधारण ४ सेकंदांची शांतता ठेवा. त्या वेळात सूर एकदा तरी मोकळा ऐकू येतो. संदेश लांबवूही नका. फॅक्स मशीन साधारण ३५ सेकंद वाट बघून लाइन सोडतं, आणि आपल्याकडची एक रिंग ३ सेकंदांची असते. व्हीगेटीच्या व्हॉइस.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये रिंग्ज ३ आणि संदेश १२ सेकंदांच्या आत, हे मापात बसतं. हाताने नंबर फिरवून फॅक्स करणाऱ्या जुन्या मशीनकडून हा सूर येईलच असं नाही, त्यांना संदेशच ऐकू येतो.

संदेश मॉडेमच्याच आरएमडी फॉर्मॅटमध्ये लागतो. मॉडेममध्ये रॉकवेल कंपनीची चिप असेल तर डब्ल्यूएव्ही फाइल वेव्हटूपीव्हीएफ, मग पीव्हीएफस्पीड -एस ७२०० (म्हणजे सेकंदाला ७२०० नमुने), मग पीव्हीएफटूआरएमडी रॉकवेल ४ अशा पाइपमधून काढा. संदेश घाईघाईत किंवा जाड, संथ आवाजात वाजला, तर ७२०० ची पायरी राहिली असं समजा. तयार फाइलचं नाव मेसेजेस फोल्डरमधल्या इंडेक्स फाइलमध्ये लिहायला विसरू नका, व्हीगेटी तिथूनच नाव उचलतो.

फॅक्समध्ये दोन गोष्टी हटकून अडतात. काही रॉकवेल मॉडेम फॅक्स वर्गात शिरताच सिरियल वेग १९२०० वर नेतात. पीसी मात्र जुन्याच वेगावर राहतो, म्हणून लॉगमध्ये कचरा दिसतो आणि कॉल तुटतो. एमगेटी.कॉन्फिग आणि सेंडफॅक्स.कॉन्फिग दोन्हींत स्विचबीडी १९२०० लिहा. दुसरं, पान उंचीला दबलेलं दिसतं. तो बिघाड नाही. साध्या फॅक्समध्ये आडवे २०४ आणि उभे फक्त ९८ ठिपके प्रति इंच असतात. फाइलचं नाव एफएनने सुरू होत असेल तर जी३२पीबीएमला (फॅक्स फाइलचं चित्र करणारा प्रोग्राम) -एस द्या, एफएफने सुरू होत असेल तर ती फाइन दर्जाची, तशीच ठेवा. आलेलं पान ईमेलवर हवं असेल तर न्यू_फॅक्स नावाची स्क्रिप्ट लिहा. तिला क्रमाने हँगअप कोड, पाठवणाऱ्याचा आयडी, पानांची संख्या आणि मग फाइलींची नावं मिळतात.

पाठवायला फॅक्सस्पूल ही आज्ञा, आणि रांग पुढे सरकवायला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) फॅक्सरनक्यू. परदेशी मॉडेमला आपला डायल टोन ओळखता येत नाही आणि तो ‘नो डायलटोन’ म्हणतो. आधी एटी+जीसीआय=५३ देऊन देश भारत करा, तरीही अडलं तर डायल-प्रीफिक्स एटीएक्स३डीटी ठेवा. मग तो टोनची वाट न बघता डायल करतो, एंगेज मात्र ओळखतो.

लाइन तांब्याची नसून फायबरची असेल, तर ती आतून इंटरनेट टेलिफोनी असते. जी.७२९ कोडेकवर (आवाज खूप दाबून पाठवायची पद्धत) फॅक्स टिकत नाही. कंपनीकडे जी.७११ (आवाज फारसा न दाबणारा कोडेक) किंवा टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची पद्धत) मागा, आणि मॉडेमच्या सेटिंग्जशी झटण्याआधी मागा.