खाण कंपन्या स्थानिक लोकांचा विश्वास कसा मिळवतात?

माझं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या खाणीला लागून. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी आमच्या विहिरीपासून सुरू करतो.

कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, या विहिरीला आजोबांनी आतून पायऱ्या बांधल्या होत्या. भर मे महिन्यातही सातवी पायरी पाण्याखाली असायची. पुढे खाणीचा खड्डा भूजलाच्याही खाली गेला. त्यात झिरपणारं पाणी पंप रात्रंदिवस बाहेर फेकू लागले आणि तीन-चार उन्हाळ्यांत आमच्या विहिरीच्या तळाचा कातळ उघडा पडला. पोफळी शेंड्याकडून सुकत गेल्या. कंपनीने टँकर सुरू केला. एका ग्रामसभेत आई ट्रकांच्या धुळीबद्दल बोलली, आणि त्या आठवड्यात टँकर आमच्या वळणावर थांबलाच नाही. हक्काचं पाणी मेहरबानीचं झालं होतं. चतुर्थीची वर्गणी, शाळेतल्या वह्या सगळं येत होतं, पण त्यानंतर कंपनीच्या कुठल्याच शब्दावर आमचा भरवसा राहिला नाही.

नंतर खाणीवर एक तरुण भूवैज्ञानिक आला. दर पंधरा दिवसांनी तो विहिरीत टेप सोडायचा, दुसरं टोक बाबांच्या हातात द्यायचा. आकडा दोन वह्यांत लिहायचा आणि एक वही आमच्याकडे ठेवायचा. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी आणखी खाली गेलं, तेही त्याने तसंच लिहिलं. कंपनीच्या अंगावर येणारा आकडा कंपनीच्याच माणसाने आमच्या वहीत लिहिला, तेव्हा बाबा पहिल्यांदा त्याला घरात चहाला घेऊन आले. माझ्या लेखी विश्वास मिळतो तो असा.

कायद्यात जनसुनावणी आहेच. पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनाबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. पण स्थानिक भाषेत मिळतो तो पर्यावरण अहवालाचा सारांश, आणि आपल्या ओहोळाचं काय होणार हे त्यात शोधून सापडत नाही. ज्या कंपनीला खरंच विश्वास हवा, तिने वाड्यावाड्यांवर जाऊन नकाशा पसरून बसावं.

'नको' म्हणायची मुभाही हवी. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरांवर २०१३ मध्ये बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, आणि तो मानला गेला. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काय किंमत? फायद्यातला वाटाही करारात लिहिलेला हवा. कॅनडातल्या रॅगलन निकेल खाणीने १९९५ मध्ये तिथल्या मूळनिवासी इनुइट लोकांना नफ्यातला हिस्सा लिहून दिला होता. गोव्यात मात्र विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठीच्या कायमनिधीत टाका, हे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तोवर २०१२ च्या खाणबंदीने, खनिज वाहायला कर्ज काढून ट्रक घेतलेली घरं उघडी पडली होती. पाण्यासाठी बोलणारे आणि ट्रकवाले एकाच गावात, कधी एकाच घरात, एकमेकांशी अबोला धरून बसले. ती जखम अजून भरलेली नाही.

तुम्ही कंपनीच्या बाजूने विचारत असाल, तर खणायला सुरुवात करण्याआधी आसपासच्या प्रत्येक विहिरीची पातळी मोजा, घरधन्यासमोर, आणि सहीची प्रत त्याच्याकडे ठेवा. मोजणी मेअखेरीस करा. ऑगस्टमध्ये आमच्याकडे सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात.