मुलगी चॅनेलमध्ये लागतेय, पाठवू का?

प्रश्न : माझ्या मुलीनं मास कम्युनिकेशन केलंय. मुंबईतल्या एका मोठ्या मनोरंजन कंपनीच्या मराठी वाहिनीत, मालिका विभागात तिला नोकरी मिळतेय. ती हरखून गेलीये. हे म्हणतात, सिनेमावाल्यांत कशाला? आतलं काम असतं तरी कसं?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, पाठवा. पण ‘सिनेमावाले’ हे आधी डोक्यातून काढा. लोअर परळ, अंधेरीकडची ही काचेची ऑफिसं; गळ्यात कार्ड, लिफ्टपुढे रांग, दुपारी डबा. नटमंडळी तिथं क्वचितच फिरकतात. ती गोरेगावच्या चित्रनगरीत नाहीतर घोडबंदर रोडच्या सेटवर, सकाळी ९ ते रात्री ९ च्या शिफ्टमध्ये. मालिका बनवते निर्मिती संस्था. वाहिनी पैसे देते आणि डोक्यावर बसते. तुमची लेक या डोक्यावर बसणाऱ्यांत असेल.

याच खात्यात माझे केस पिकले, म्हणून सांगते. कथा, पटकथा, संवाद लिहिणारे बहुधा वेगवेगळे. त्यांचं लिखाण वाचायचं, वरिष्ठांची दुरुस्ती लेखकाला तो रुसणार नाही अशा बेतानं कळवायची. मग एडिट झालेला २२ मिनिटांचा एपिसोड बघायचा, तोही नायिकेच्या रडण्याकडे नव्हे, तिच्यामागच्या ओट्याकडे डोळे लावून. तिथं तेलाचा डबा प्रायोजकाच्या स्पर्धकाचा निघाला तर धूसर करून घ्यायचा. मागच्या सीनला गळ्यात मोठं मंगळसूत्र होतं आणि आता छोटं, हेही तिनंच पकडायचं. (प्रेक्षक पकडतातच, आणि फेसबुकवर धुतात.)

गुरुवारचं मात्र वेगळं. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून ‘बार्क’चे, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे पुढच्या गुरुवारी येतात. कुठल्या मिनिटाला लोक उठून गेले, ते आलेखावर दिसतं. आकडा पडला की दोन महिन्यांनी व्हायचं लग्न पुढच्याच आठवड्यात उरकतं, गावी धाडलेली आत्या परत येते. हाताशी एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, असेल तर निभावतं. ती संपली की आज शूट, उद्या टेलिकास्ट. अशा वेळी रात्री ११ ला फोन वाजला तर घरच्यांनी रागावू नये. पण मला विचाराल तर जागरणाचं काही वाटत नाही. छान चाललेली गोष्ट आकड्यापायी वाकडी होते आणि तो निरोप लेखकाला आपल्याच तोंडानं द्यावा लागतो, ते जड जातं. हे सोसलं तर गोष्ट नेमकी कुठं सैल पडते ते दोन-तीन वर्षांत कळायला लागतं. ते कॉलेजात शिकवत नाहीत.

आता तुमच्या यांना एक काम द्या : नेमणूकपत्र वाचायला सांगा. वर कंपनीचं नाव आहे की माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचं? कंपनीची आणि एजन्सीची अशा दोघी शेजारी बसून तेच काम करतात, पण पीएफ, रजा, विमा यांत फरक पडतो. ‘रिटेनर’ लिहिलं असेल तर ते मानधन, पगार नव्हे. आणि मोठं नाव म्हणजे कायमची नोकरी, असं धरू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांच्या इथल्या वाहिन्या एका छत्राखाली आल्या. त्याच वर्षी जानेवारीत झी-सोनीचं ठरलेलं विलीनीकरण मोडलं. पत्र निर्मिती संस्थेचं निघालं तर पैसे कधी मिळणार, ते आधी विचारा. तिथं ९० दिवसांची उधारी जुनीच आहे. तोवर भाडं आणि डिपॉझिट घरून द्यावं लागेल.