झगा कापण्याआधी

इंदूर

बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन आला तेव्हा दुकानात ट्रायलवाले बसले होते, म्हणून "लिहून कळवतो" म्हणून ठेवला. सौंसरला जाऊन स्वतःचं दुकान टाकलंस आणि पहिलीच मोठी ऑर्डर पाळकांच्या दीक्षेची मिळाली, याचा आनंद आहेच. पण "काका, पाद्र्यांचे झगे सगळीकडे सारखेच ना? आपला कॅसकचा, म्हणजे घोट्यापर्यंतच्या अंगरख्याचा, फर्मा चालेल ना?" हे तू ज्या घाईने विचारलंस, ती घाई बरी नाही. आणि मंडळी लुथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या परंपरेतली, आहे म्हणालीस. तिथे तर मुळीच नाही.

इंदुरात या कामाची शिस्त आपोआप लागते, कारण गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं येतं. लाल चर्च कॅथलिकांचं. तिथलं काम सर्वांत सोपं, कारण नियम ठरलेला. आत घोट्यापर्यंत पांढरा आल्ब, कमरेला दोरी, गळ्यात स्टोलची लांब पट्टी आणि सगळ्यांवर डोक्यातून घालायचा घेरदार चॅझुबल. डीकन, म्हणजे फादरच्या खालच्या पायरीचा सेवक, असेल तर स्टोल डाव्या खांद्यावरून तिरपा, फादर असतील तर दोन्ही पदर समोर सरळ. विचारायचं फक्त मापाचं आणि रंगाचं. व्हाइट चर्च १८५८ सालचं, इंग्रजांच्या अँग्लिकन पद्धतीचं. त्यांच्या परंपरेत कॅसकवर रुंद बाह्यांचा पांढरा सरप्लिस. आणि १८७७ मध्ये इथे कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी आले, ज्यांनी पुढे ख्रिश्चन कॉलेज काढलं. त्यांच्या घराण्यात काळा गाऊन आणि गळ्याला दोन पांढऱ्या पट्ट्या. १९७० साली नागपूरला या दोन्ही परंपरा, शिवाय बॅप्टिस्ट वगैरे आणखी काही, एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. म्हणजे पाटी एकच, पण कुठल्या आजोबांकडून आलेली मंडळी आहे त्यावर कपाटातला झगा ठरतो. तो काळा गाऊन खरं तर विद्यापीठातल्या शिक्षकाचा. जिथे उपदेश हेच उपासनेचं मुख्य अंग, तिथे पाळकाने शिकवणाऱ्याच्या वेशात उभं राहावं, हे ओघानेच आलं.

लुथरन या एकत्रीकरणात आले नाहीत. आणि त्यांच्याकडे वेदीचा झगाही (चॅझुबल) आहे, उपदेशाच्या व्यासपीठाचाही (काळा गाऊन). नियम मात्र नाही. "तुम्हाला योग्य वाटेल तसं शिवा" म्हणणारं गिऱ्हाईक सगळ्यात अवघड, हे तुला मी काउंटरवर बसवून शिकवलंय. ही मंडळी त्यातली समज. फरक इतकाच की त्यांनी हे मोकळेपण विचार करून, भांडून मिळवलंय. ते भांडण तुला ठाऊक असलेलं बरं.

१५२१ च्या नाताळात विटेनबर्गला कार्लस्टाट नावाच्या विद्वानाने चारचौघांसारख्या साध्या कपड्यांत भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजन दिलं. पोपची पद्धत मोडायची तर पोपचे कपडेही गेले पाहिजेत, असा त्याचा हिशेब. लूथर तेव्हा वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून होता. गावात मूर्तिभंजन आणि गोंधळ वाढला, तेव्हा १५२२ च्या मार्चमध्ये तो परतला आणि ओळीने आठ दिवस उपदेश करून त्याने लोकांना आवरलं. त्याचं म्हणणं असं की जबरदस्तीने घालायला लावणं जितकं चूक, तितकंच जबरदस्तीने उतरवणंही. तो स्वतः १५२४ पर्यंत संन्याशाच्या वेशात फिरत होता. नंतर प्राध्यापकाचा गाऊन घातला. १५२६ साली त्याने जर्मन भाषेतल्या उपासनेचा क्रम छापला. त्यात झगे, वेदी, मेणबत्त्या याविषयी जे लिहिलंय ते आपल्या धंद्यातल्या माणसाला हसू आणणारं आहे: हे सगळं झिजून संपेपर्यंत, किंवा बदलावंसं वाटेपर्यंत, राहू द्या. मला हा माणूस तिथे आवडला. चांगलं कापड फेकून देणारा सुधारक मला कधीच पटला नसता.

१५३० च्या आउग्सबुर्गच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात लुथरनांनी छातीठोकपणे लिहून दिलं की आम्ही मिस्सा (प्रभुभोजनाची जुनी उपासना) मोडलेली नाही, बहुतेक सारे विधी ठेवलेत. त्यामुळे त्यांच्या उपासनेचा सांगाडा पाहिलास तर कॅथलिकांशी बराच मिळतो: दयेची प्रार्थना, गौरवगीत, वाचनं, विश्वासांगीकार, पवित्र पवित्र पवित्र, मग प्रभुभोजन. भर मात्र लोकभाषेतल्या उपदेशावर आणि सगळ्या मंडळीने मिळून गायच्या गीतांवर. प्रभुभोजनाच्या भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर आहे असं ते मानतात. केवळ आठवण म्हणून नव्हे. म्हणून वेदीपाशी भारी वस्त्र घालायला त्यांना संकोच नाही.

मग १५४८ साली गंमत उलटी झाली. लढाई जिंकलेल्या कॅथलिक सम्राटाच्या दडपणाखाली जुने विधी, जुने पांढरे झगे परत आणायचा हुकूम निघाला. काही म्हणाले, कपड्यांचंच तर आहे, घालू. मॅग्डेबुर्गला जमलेले, फ्लासियस नावाच्या कडव्या लुथरन विद्वानाच्या बाजूचे म्हणाले, एरवी घातला असता, पण तलवारीच्या धाकाने घालणार नाही. आता ती कपड्याची गोष्ट राहिली नाही. १५७७ च्या त्यांच्या एकमताच्या दस्तऐवजात, दहाव्या कलमात, हेच कायम झालं: देवाने ज्याची आज्ञाही केली नाही आणि मनाईही नाही, ते मंडळीच्या मर्जीवर, पण छळाच्या काळात त्यातही माघार नाही. छिंदवाड्याकडच्या एका निवृत्त पाळकसाहेबांनी मला हे समजावलं, ते माझ्याकडे झगा अल्टर करायला येत. बाकी शिवणकाम मला येतच होतं. हे त्यांच्याकडून शिकलो.

मोकळीक दिली की प्रत्येक जण आपापला झगा उचलतो. स्वीडनने चॅझुबल कधी सोडलाच नाही. डेन्मार्कचे पाळक अजून काळा अंगरखा घालतात आणि गळ्याला चुण्यांची, खळ देऊन ताठ केलेली पांढरी गोल चकती. ती तुझ्या-माझ्या इस्त्रीचं काम नव्हे, कुणी मागितलीच तर सरळ नाही म्हण. जर्मनीतल्या प्रशियात राजाने १८११ साली फतवा काढून पाळकांना काळा झगा आणि गळपट्ट्या लावल्या. या गळपट्ट्या नीट समजून घे, कारण इथे सगळा धर्म एका शिवणीवर उभा आहे. जर्मन रिवाजात दोन्ही पट्ट्या मधून पूर्ण उघड्या असल्या की लुथरन. मधली शिवण खालपर्यंत बंद असली की रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतले. अर्ध्यापर्यंत शिवलेली असली की दोघांच्या संयुक्त चर्चचे. बोटभर टाक्यांचा फरक. नमुना हातात आला की आधी ही शिवण बघ, मग वही उघड.

आता तुझ्या ऑर्डरकडे. भारतात पहिले लुथरन मिशनरी १७०६ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले. राजा डेन्मार्कचा, माणसं जर्मन. रांचीला बर्लिनहून गोस्नर नावाच्या पाळकाने पाठवलेली माणसं १८४५ मध्ये आली. गुंटूरकडे अमेरिकेतून. आणि आपल्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा-सागर-बैतूल पट्ट्यात, स्वीडनचं मिशन. मंडळी कुठल्या मिशनची हे कळलं की अर्धं उत्तर मिळतं. अर्धंच. दीडशे वर्षांत उन्हाने, खिशाने आणि शेजारच्या चर्चच्या रिवाजाने त्यात बदल केलेले असतात. म्हणून अंदाज बांधू नकोस. मागच्या दीक्षेचा फोटो माग, एखादा वापरातला जुना झगा दोन दिवसांसाठी माग. उपासनेत प्रभुभोजन आहे का, बिशप कोणत्या वेशात येणार, झगे पाळकांचे स्वतःचे राहणार की मंडळीचे, हे विचार. मंडळीचे असतील तर पुढे कुणीही घालणार. उंचीला दुमड जास्त ठेव आणि खांदा सैल.

एक गोष्ट नवखे हमखास विसरतात: पाठ. लुथरनांच्या जुन्या पद्धतीत पाळक लोकांच्या वतीने देवाशी बोलताना वेदीकडे तोंड करतो, आणि देवाच्या वतीने लोकांशी बोलताना लोकांकडे वळतो. म्हणजे निम्मा वेळ मंडळीला दिसते ती पाठ. म्हणून चॅझुबलवरचा मोठा क्रूस मागे. लूथरने १५२६ मध्येच लिहिलंय की खरं तर पाळकाने कायम लोकांकडे तोंड करायला हवं, पण त्याची वेळ येईल तेव्हा येईल. कॅथलिकांकडे ती १९६० च्या दशकात आली, आणि आता त्यांची नक्षी समोरही तितकीच महत्त्वाची. तुझ्या मंडळीत वेदी भिंतीला टेकलेली आहे की मधे मोकळी, हे जाऊन बघून ये. भरतकाम कुठे टाकायचं ते त्यावर ठरव.

माप घेताना हात खाली सोडून उभं करू नकोस. दोन्ही हात आशीर्वादासाठी वर उचलायला सांग आणि तसंच धरून मुंडा, बाही आणि पुढची उंची घे. नाही तर आशीर्वाद देताना बाही कोपरापर्यंत घसरते आणि आतल्या शर्टाचं मनगट दिसतं. पुढचा घेर मागच्यापेक्षा बोटभर आखूड ठेव, वेदीच्या पायरीवर पाय अडकायला नको. स्टोल मानेपाशी सरळ पट्टी ठेवून दुमडू नकोस. दोन भाग कोनात जोड, म्हणजे मानेवर बसतो आणि सरकत नाही. आत कॅनव्हास हलका, आणि मानेला सुटी पांढरी सुती पट्टी टाचून दे, घामाने खराब झाली की बदलता येते. मे महिन्यात टेरीकॉटच्या कॅसकमध्ये तासभर उपदेश करणाऱ्या माणसाची दया येऊ दे. अस्तर फक्त खांद्यापुरतं.

रंगांचं थोडक्यात सांगतो. नाताळ आणि ईस्टरला पांढरा, ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, पवित्र आत्म्याच्या सणाला लाल, इतर वेळी हिरवा. इथपर्यंत कॅथलिक आणि लुथरन एकच. नाताळाआधीच्या आगमनकाळात कॅथलिकांचा जांभळा, काही लुथरनांचा निळा. गुड फ्रायडेला कॅथलिक फादर लाल घालतात, लुथरनांकडे बऱ्याच ठिकाणी काळा. आणि ३१ ऑक्टोबर, धर्मसुधारणेचा दिवस, अनेक लुथरन मंडळ्या लाल रंगात साजरा करतात. हा कॅथलिकांच्या पंचांगात नाही. दीक्षेला बहुधा लाल मागतील, तरी विचार.

लूथरचं गुलाब भरायला सांगतील, तेव्हा कारागिरावर सोडू नकोस. तो गुलाब म्हटलं की लाल दोरा ओवणार. हे गुलाब पांढरं आहे. मधे लाल हृदय, त्यात काळा क्रूस, भोवती आकाशी निळी जमीन आणि तिला सोनेरी कडं. लूथरने १५३० च्या पत्रात एकेका रंगाचा अर्थ लिहून ठेवलाय, त्यामुळे "थोडं वेगळं करून बघू" ही मुभा इथे नाही. कपड्याला मोकळीक, पण या फुलाला नाही. रंगीत चित्र काढून त्यावर दोऱ्याचे तुकडे चिकटवून दे.

बाकीच्यांची ऑर्डर येईल तेव्हा येईल. केरळच्या सुरियानी ऑर्थोडॉक्सांचा वरचा झगा समोरून उघडा असतो, चॅझुबलसारखा डोक्यातून नाही, आणि मनगटांना वेगळे कफ. मार थोमावाल्यांचा साधा पांढरा. पेंटेकॉस्टल पास्टर तुझ्याकडे सफारी नाही तर सूटच शिववतील. साल्व्हेशन आर्मीवाले प्रभुभोजन करतच नाहीत, पण युनिफॉर्मच्या बाबतीत त्यांच्याइतकं काटेकोर कुणी नाही.

कापडाचं. ऑनलाइन मिळणारं चकचकीत सॅटिन घेऊ नकोस, दोन धुण्यांत त्याची शोभा जाते. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये पांढऱ्यासाठी पॉलीकॉटन बघून ठेवतो. स्टोलसाठी मात्र माझा आग्रह महेश्वरीचा. सुती-रेशमी, हलकी, आणि चटईच्या नक्षीचा काठ स्टोलच्या टोकाला इतका शोभतो की वरून भरतकाम कमी लागतं. देशी कापड चर्चमध्ये कसं चालेल, असं कुणी म्हणालं तर सांग, रोमने १९६९ मध्येच भारतातल्या कॅथलिकांना साधा अंगरखा आणि अंगवस्त्राची परवानगी दिली आहे. लुथरनांना तर कुणाची परवानगी लागतच नाही. पण मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना तुकडा दाखवून, हात लावू देऊन, मग घे. काठात मोर किंवा कोयरी आली तर एखाद्याला खटकेल. साधा भौमितिक काठ निवड.

अ‍ॅडव्हान्स निम्मा घे. कच्च्या शिलाईवर एक ट्रायल चर्चमध्येच कर, दुकानात नको. त्यांना पायऱ्या चढायला लाव, वेदीकडे वळायला लाव. महेश्वरीचा रंग आणि मीटर कळव, मी पुढच्या आठवड्यात महेश्वरला जाणार आहे. आणि गळपट्ट्या मागितल्याच, तर मधली शिवण कशी हवी ते लिहून घे, तोंडी नको.

तुझा,
काका