शाळेत शिकलेली गतीची समीकरणं रोजच्या आयुष्यात कुठे लागतात?

मला तरी नववीतलं ‘व्ही स्क्वेअर इज इक्वल टू यू स्क्वेअर प्लस टू ए एस’ (यू म्हणजे सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा, ए त्वरण, एस अंतर) रोज गाडी चालवताना लागतं. ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, एवढंच ते सांगतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किमी वेगातली गाडी करकचून ब्रेक मारल्यावर साधारण ९ मीटरमध्ये थांबते. मग ८० ला १८? नाही, ३६ मीटर! शिवाय समोर म्हैस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातोच. तेवढ्यात ८० च्या वेगाने आणखी २२ मीटर पार झालेले असतात. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ कालवून जो चिकचिकाट होतो, त्यात घर्षण निम्मं झालं तर ३६ चे थेट ७२. (म्हणून जूनमध्ये मी जरा जास्तच अंतर ठेवतो, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.)

एसटीत उभं असताना ब्रेक लागला की आपण पुढे कोलमडतो ते जडत्व, सीटबेल्ट त्याच्यासाठीच. आणि कॅरमवर पावडर टाकतो ती घर्षण कमी करायलाच, फक्त तिथे घसरणं आपल्याला हवं असतं.