सात जादूच्या वस्तू नकोत, दोन पुरेत

कलेच्या निर्मितीवरच्या तुझ्या जादूच्या कादंबरीचा आराखडा वाचला. पहिल्याच कादंबरीत अंगठी, आरसा, पीस, किल्ली... एकूण सात वस्तू? दोन ठेव. बाकीच्या पुढच्या पुस्तकाला लागतील.

सांगलीत राहतोस ना, मग एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन बस. तंबोऱ्याचा भोपळा बघ, वाळवलेला, आतून पोकळ. निर्मितीवर लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली सरकवलेला तो सुती दोरा! नेमक्या जागी बसला की जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा भरदार नाद, खुलते; जरा हलला की नाद बोथट. नायिकेची प्रतिभा अशा दोऱ्यात ठेवलीस, तर तो हरवल्यावर काय बिघडलं हे वाचकाला समजवावं लागणार नाही.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- वस्तूचा अर्थ पात्राच्या तोंडी घालणं. माझ्या पहिल्या खर्ड्यात म्हातारा गुरू दोन पानं 'दिवा म्हणजे ज्ञान' सांगत होता. दिवा विझायच्या आधी वाचक झोपला.
- वस्तू पहिल्या प्रकरणात मिरवून थेट शेवटी आठवणं. मध्ये दोन-तीनदा तरी कुणाच्या हातात येऊ दे, दर वेळी वेगळ्या कारणाने.

जादूचे नियम, वंशावळी, नकाशे सगळं नंतर. आधी दोरा हरवतो ते प्रकरण लिही आणि दाखव.