सापाला गोठवलेला उंदीर खायला कसं लावायचं?

प्रश्न : आमच्या तेरा वर्षांच्या मुलाने हट्ट करून बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, पाळला आहे. दुकानात त्याला जिवंत उंदीर घालत होते. आमचं घर शाकाहारी. जिवंत उंदीर आणून डोळ्यांसमोर मरू देणं माझ्याने होत नाही, म्हणून गोठवलेले आणले. पण साप त्याकडे ढुंकूनही बघत नाही. पाच आठवडे उपाशी आहे. अंडं किंवा चिकनचे तुकडे चालतील का? की पुन्हा जिवंतच आणावेत?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, पाच आठवडे म्हटल्यावर तुमच्या पोटात कालवाकालव होणं साहजिक आहे. पण बॉल पायथनच्या हिशेबात हा काळ फार मोठा नाही. अंगाने भरलेला, एरवी धडधाकट बॉल पायथन महिनोन्‌महिने न खाता राहू शकतो, आणि हिवाळ्यात बरेच जण तसे राहतातही. म्हणून दिवस मोजू नका, वजन मोजा. डिजिटल काट्यावर प्लॅस्टिकचा डबा ठेवून आकडा शून्यावर आणा, साप डब्यात ठेवा आणि ग्रॅम लिहून ठेवा. हे काम मुलाकडे द्या, दर आठवड्याला. वजन दहा टक्क्यांनी घटलं, किंवा श्वासाला घरघर, तोंडाशी फेस असं काही दिसलं तर थांबू नका, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या.

अंडं आणि चिकन, दोन्ही नको. सापाला अख्खा प्राणी लागतो. त्याचं कॅल्शियम उंदराच्या हाडांतून येतं आणि अ जीवनसत्त्व यकृतातून. नुसत्या मांसाच्या तुकड्यावर तो वरवर जगेल आणि आतून खंगत जाईल. शाकाहारी घरात हे पचवणं जड आहे, मला कल्पना आहे. पण या प्राण्याला दुसरा आहार नाही.

जिवंत उंदराकडे मात्र परत जाऊ नका. ‘निसर्गात तसंच असतं’ हे मी क्लिनिकमध्ये सारखं ऐकते आणि ते मला अजिबात पटत नाही. निसर्गात उंदराला पळायला बीळ असतं, सापालाही बाजूला व्हायला जागा असते. काचेच्या पेटीत दोघंही कोंडलेले. साप भुकेला नसेल तर घाबरलेला उंदीर त्यालाच कुरतडतो. रात्रभर पेटीत सोडलेल्या उंदराने पाठ खाल्लेले साप माझ्याकडे येतात. खवले गेलेले, खालचं मांस उघडं, आणि कधी कधी मणक्याचं पांढरं टोक दिसत असतं. अशी जखम भरायला महिने लागतात. उंदराच्या वाट्याला येणारी भीती तर वेगळीच. तुम्हाला ते बघवत नाही हा तुमचा दुबळेपणा नव्हे, तुमचं बरोबर आहे.

आता तो का खात नाही ते बघू. उंदीर दाखवायच्या आधी पेटी तपासा. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात अंग चोरून बसणारा. दुकानातल्या छोट्या, अंधाऱ्या ट्रेमधून त्याला एकदम प्रशस्त काचेच्या टाकीत आणलं की आपल्याला वाटतं त्याची चैन झाली, आणि तो मात्र उघड्यावर पडल्यासारखा घाबरतो. घाबरलेला साप खात नाही. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावा. लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला, आणि दोन्ही इतक्या अरुंद की गुंडाळी करून बसल्यावर अंग सगळीकडून भिंतीला टेकेल. उबदार टोकाला 31 ते 33 अंश सेल्सियस, थंड टोकाला 25 ते 27. हीटरला थर्मोस्टॅट हवाच. दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास राहू द्या, कारण तुमच्याकडे थंडीत घराचं हीटिंग सुरू झालं की हवा पार कोरडी पडते. डोळे निळसर, धुरकट दिसत असतील तर कात टाकायची वेळ आहे, तेवढे दिवस जेवण विसरा. हे सगळं जमल्यावर निदान आठवडाभर त्याला हात लावू नका. मुलाला हे जड जाईल, पण याच टप्प्यावर निम्मे साप मार्गी लागतात असा माझा अनुभव आहे.

यानंतर उंदीर. गोठवलेला उंदीर नाकारला जातो तो बहुतेक वेळा मेलेला म्हणून नाही, गार म्हणून. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खाचांची रांग असते, मुलाला भिंगातून दाखवा. त्या खाचा उष्णता टिपतात. अंधारात त्याला उंदीर दिसतो तो उबेचा ठिपका म्हणून. मिरचीचा तिखटपणा आपल्याला भाजल्यासारखा का वाटतो याचा शोध लावल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. त्यांच्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये दाखवलं की रॅटलस्नेक आणि अजगर यांच्या या खाचांमध्ये टीआरपीए1 नावाचं प्रथिन ऊब ओळखतं. आपल्या शरीरात तेच प्रथिन मोहरीचा, वसाबीचा झणका ओळखतं. थोडक्यात, फ्रीजमधून काढलेला गार उंदीर तुमच्या सापाला अन्न वाटतच नाही.

म्हणून असं करा. उंदीर झिपच्या पिशवीत घालून आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. संध्याकाळी दिवे मंद झाले की पिशवी बंद ठेवूनच कोमट पाण्यात बुडवा, आणि पोट दाबून बघा, आत कडक गोळा लागता कामा नये. मग पाणी बदलून जरा जास्त गरम घ्या, हाताला सोसवेल इतपत, उकळतं नाही. मायक्रोवेव्ह तर कधीच नको, आतून शिजतो आणि फुटतो. बाहेर काढून कागदाने कोरडा करा. शेवटी हेअर ड्रायरने फक्त डोकं गरम करा. कोविडच्या काळातली कपाळावर धरायची बंदूक इथे चालत नाही; पृष्ठभागाचं तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, त्यावर डोक्याशी 38 अंशांच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. लांब चिमट्याने कमरेशी धरा, लपायच्या जागेच्या तोंडाशी न्या आणि अगदी हलकेच हलवा, चालणाऱ्या उंदरासारखा. तोंडावर आपटू नका. सापाची मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे गेली आणि जीभ सावकाश लवलवू लागली की हात स्थिर ठेवा. पकडल्यावरही दोनचार हिसके द्या, म्हणजे तो आवळून धरतो. मग दिवा बंद करून खोलीबाहेर पडा. कौतुकाने बघत उभं राहिलं तर पुष्कळ साप तोंडातला घास टाकून देतात.

नाही घेतला तर उंदीर लपायच्या जागेसमोर रात्रभर राहू द्या. सकाळी तसाच असेल तर टाकून द्या, परत गोठवायचा नाही. पुन्हा प्रयत्न आठवड्याने. रोज रोज समोर नाचवलात तर तो उंदरालाच बिचकायला लागेल. उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी पुरे. दुकानात त्याला माऊस (लहान उंदीर) देत होते की रॅट (मोठा उंदीर), हे नक्की विचारा. माऊसवर वाढलेला साप पुष्कळदा रॅटला अन्न मानत नाही. तसं असेल तर रॅट माऊसच्या पिंजऱ्यातल्या भुशात घोळवून द्या. जर्बिल नावाच्या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या पिंजऱ्यातल्या भुशाने तर भलेभले हट्टी साप वळतात. तरीही अडलं तर नुकताच मारलेला उंदीर एकदोनदा मधली पायरी म्हणून द्यावा लागेल. काही दुकानं तो तयार देतात. जबरदस्तीने तोंडात कोंबणं घरी कुणीही करू नये.

आणि हात. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, अमेरिकेत अशा उंदरांमुळे माणसं आजारी पडल्याचं सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने नोंदवलं आहे. डबा, चिमटा, भांडं सगळं वेगळं, स्वयंपाकघराच्या सिंकपासून लांब. जमलं तर गराजमध्ये छोटा फ्रीजर ठेवा, म्हणजे शाकाहारी स्वयंपाकघराचाही प्रश्न सुटेल. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला यातल्या कशालाही हात लावू देऊ नका.

प्रश्न : मी लेस्टरला शिकतो. माझं वेस्टर्न हॉगनोज जातीच्या सापाचं पिल्लू गोठवलेलं पिंकी (उंदराचं नुकतंच जन्मलेलं, केस नसलेलं पिल्लू) घेत नाही. ऊब देऊनही उपयोग नाही.
— एक विद्यार्थी

उत्तर : तुझ्या सापाला बॉल पायथनसारख्या ऊब टिपणाऱ्या खाचा नाहीतच, त्यामुळे नुसत्या उबेने तो फसणार नाही. हॉगनोज जंगलात भेक आणि बेडूक हुंगून काढतो, त्याचा सगळा कारभार वासावर. पिंकी आधी साबणाशिवाय कोमट पाण्याने धू, म्हणजे उंदराचा वास कमी होईल, आणि मग पाण्यातल्या डबाबंद ट्यूनाच्या पाण्यात बुडव. मसाल्यातला किंवा खारवलेला ट्यूना घेऊ नकोस. झाकण असलेल्या छोट्या डबीत साप आणि पिंकी एकत्र ठेवून रात्रभर अंधारात असू दे, झाकणाला भोकं मात्र हवीत. घ्यायला लागला की दर वेळी वास थोडा थोडा कमी करत जा. नाक उडवून फिस्कारतो ते बहुतेक सोंग असतं, घाबरू नकोस.

प्रश्न : शेतात धामणीचं पिल्लू सापडलं. मुलांना पाळायचंय. गोठवलेल्या उंदरांवर जगेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, जगवायचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडचे रानटी साप 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आहेत, घरी ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी सापसुद्धा 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदवावे लागतात. पिल्लू ठणठणीत असेल तर जिथे सापडलं त्याच बांधावर सोडा. जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. मोठी झाली की तीच धामण तुमच्या शेतातले उंदीर खाईल, आणि मुलांना ती बांधावरून बघता येईल.